केल्पच्या रानात कयाकवरून मासेमारी: ला होयाचा एक दिवस, क्रमाने

सकाळी दहाला पाण्यात उतरायचं, किनाऱ्यापासून पाचशे मीटरवर पहिला गळ टाकायचा आणि दुपारी दीडला वाऱ्याने उसळलेल्या पाण्यातून, फुटणाऱ्या लाटांवर स्वार होत परत यायचं. सॅन डिएगोतल्या ला होयाला पहिल्यांदा जाणारे बरेच जण असाच दिवस आखतात. यातली पहिली गोष्ट उशिराची आहे, दुसरी बेकायदेशीर आहे आणि तिसरीत माणूस जखमी होतो. मासा लागणं न लागणं यानंतरची बाब. म्हणून खालचा क्रम मोडू नका. कोणती गोष्ट कशाच्या आधी, यावरच हा दिवस उभा आहे.

केल्प म्हणजे थंड पाण्यात खडकाला धरून वाढणारं राक्षसी शेवाळ. ला होयासमोर ते साधारण 25 ते 80 फूट खोलीत उभं असतं आणि देठांवरच्या हवेच्या फुग्यांमुळे त्याची पालवी पृष्ठभागावर पसरते. कोकणच्या उबदार पाण्यात ते उगवत नाही. त्यामुळे मालवण-देवगडला गळ टाकून हात बसलेल्या माणसालाही इथे काही गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात.

टप्पा 1: आठवडाभर आधी: परवाना, हद्दी आणि एक सराव

16 वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला कॅलिफोर्नियाचा मासेमारी परवाना लागतो. पॉइंट आर्ग्वेलोच्या दक्षिणेला (ला होया त्यातच येतं) समुद्रात मासे धरायचे, तर त्यावर ‘ओशन एन्हान्समेंट व्हॅलिडेशन’ वेगळं घ्यावं लागतं. ऑनलाइन परवाना काढताना हीच ओळ सर्वाधिक लोकांच्या नजरेतून सुटते. सार्वजनिक घाटावर (पिअरवर) परवान्याशिवाय मासे धरता येतात हे खरं, पण ती सवलत कयाकला नाही.

आता हद्दी. ला होया शोअर्सचा किनारा ‘मात्लाहुआइल स्टेट मरीन रिझर्व्ह’मध्ये येतो. तिथे काहीही धरायला पूर्ण बंदी आहे, अगदी आमिषाचा छोटा मासाही नाही. त्याची उत्तर हद्द 32° 51.964′ उत्तर अक्षांशावर आहे, तर पश्चिम हद्द 117° 16.400′ पश्चिम रेखांशावर. त्याला लागून उत्तरेकडे सॅन डिएगो-स्क्रिप्स संरक्षित क्षेत्र आहे. तिथे गळाने फक्त बांगडा, सार्डिन यांसारखे किनारी थव्यांचे मासे धरता येतात. दक्षिणेला, ला होयाच्या खालच्या अंगाला, साऊथ ला होया रिझर्व्ह आहे आणि तिथेही पूर्ण बंदी. ही क्षेत्रं 1 जानेवारी 2012 पासून लागू आहेत. पाण्यावर हद्दीच्या रेषा आखलेल्या नसतात, म्हणून मत्स्य व वन्यजीव खात्याच्या नकाशावरून हे बिंदू फोनमध्ये किंवा जीपीएसमध्ये आधीच भरून ठेवा.

धरलेला मासा घेऊन रिझर्व्हमधून जाता-येता येतं. अट एकच: गळ, दोरी, काहीही पाण्यात नको. ट्रोलिंग करत (गळ मागे ओढत) हद्द ओलांडणं हा गुन्हा आहे, अनवधानाने झाला तरी.

सरावही याच आठवड्यात करा. मिशन बेच्या शांत पाण्यात कयाक मुद्दाम उलटवा आणि परत चढा. उलटलेल्या कयाकच्या तळावरून हात पलीकडे टाकून लांबची कड धरा आणि मागे झुकत तिला सरळ करा. मग मध्यभागी येऊन पाय जोरात मारत पोटावर चढा, कुशीवर वळा, बसा आणि पाय आत घ्या. हे सलग पाच वेळा जमल्याशिवाय केल्पला जाऊ नका. पाच हा आकडा यासाठी, की पहिल्या दोन वेळा जोरावर निभावतं, पण तिसऱ्यापासून हात थकतात आणि समुद्रात तुम्ही थकलेलेच असता.

टप्पा 2: आदल्या संध्याकाळी: हवामान आणि निर्णय

तीन आकडे बघा.

वारा: दुपारपर्यंत 10 नॉटच्या आत हवा. 15 नॉटचे झोत दिसत असतील तर जाऊ नका. इथे खारा वारा साधारण अकराच्या सुमारास जोर धरतो, म्हणून सगळा दिवस त्याच्या आधी बसवायचा. शाळेच्या भूगोलातले मतलई वारे आठवतात? पहाटेचा मंद मतलई निरुपद्रवी असतो. मात्र शरद आणि हिवाळ्यात वाळवंटाकडून येणारा सांता आना हा त्याच दिशेचा, पण दांडगा वारा आहे. किनाऱ्याजवळ पाणी आरशासारखं दिसतं आणि एक मैल आत गेल्यावर कळतं की परत वल्हवताच येत नाही. सांता आनाचा इशारा असेल तर दिवस रद्द.

स्वेल (दूरवरून येणाऱ्या लाटा): नुसती उंची बघून लोक फसतात. 3 फूट स्वेल 8 सेकंदांच्या अंतराने येत असेल तर किनाऱ्यावर ती मवाळ असते. तीच उंची 15-16 सेकंदांची असेल तर उथळ पाण्यात येऊन उभी राहते. टोरी पाइन्सच्या बॉयाचे (लाटा मोजणारं तरंगतं यंत्र, क्रमांक 46225) ताजे आकडे बघा. 4 फूट आणि 14 सेकंदांच्या पुढे नवख्याने जाऊ नये.

भरती-ओहोटी: इथे दिवसात दोन भरत्या येतात, पण त्या असमान असतात. उधाणाच्या दिवशी केल्पमधून पाणी जोरात वाहतं, भांगाच्या दिवशी संथ. पहिल्या खेपेला भांगाजवळचा दिवस निवडा.

मे-जूनमध्ये सकाळी ढग खाली उतरलेले असतात, कधी धुकंही असतं. होकायंत्र किंवा जीपीएस नसेल आणि किनारा दिसत नसेल तर उतरू नका.

> तपासा: घरच्या एका माणसाला लेखी निरोप गेला आहे का? कुठून उतरणार, कुठे जाणार, कयाकचा रंग, किनाऱ्यावर परतायची वेळ आणि ‘एक वाजेपर्यंत फोन आला नाही तर 911’ हे वाक्य, सगळं त्यात हवं.

टप्पा 3: सामान

कयाक 12-13 फुटी, वर बसायची, पाणी आपोआप निघून जाणारी भोकं असलेली. 10 फुटी भाड्याची कयाक गुहा बघायला ठीक असते, पण लाटेत तिचं टोक खाली जातं.

लाइफ जॅकेट अंगावर हवं, मागे बांधलेलं नाही. त्यावर शिट्टी, दोरी कापायचा बोथट टोकाचा चाकू आणि पाण्यात टिकणारा व्हीएचएफ रेडिओ, संकटाच्या चॅनल 16 वर. फोन या सगळ्याची जागा घेऊ शकत नाही, ओल्या बोटांनी तो उघडतही नाही. सूर्योदयाआधी उतरणार असाल तर पांढरा दिवा.

कपडे पाण्याच्या तापमानाला धरून घाला, हवेच्या नाही. हिवाळ्यात पाणी 14-15 अंश सेल्सियस असतं, तेव्हा 4/3 मिमीचा (धडाला 4, हातापायांना 3) वेटसूट. उन्हाळ्यात ते 20 च्या आसपास जातं, तेव्हा 3/2 पुरतो. जीन्स आणि सुती टी-शर्ट नको. भिजलेली जीन्स घालून कयाकवर परत चढणं किती जड जातं, ते मिशन बेच्या सरावात एकदा करून बघा.

रॉड दोनच. चार रॉड नेणाऱ्याचे दोन लाटेत जातात.

- पहिला, कॅलिको बाससाठी: 7.5-8 फूट, 40 पौंड ब्रेड (विणलेली दोरी), पुढे 3-4 फूट 25 पौंड फ्लुरोकार्बन लीडर (गळाजवळचा दोरीचा शेवटचा तुकडा). 5 इंची रबरी मासा, गळाचं टोक अंगात लपवलेला, 1/2 ते 3/4 औंस वजनाचा. टोक उघडं असेल तर प्रत्येक फेकीला पालाच हाती येईल.
- दुसरा, जिवंत आमिषासाठी: 40 पौंड ब्रेड, 30 पौंड लीडर, 2/0 सर्कल हूक (टोक आत वळलेला गोल गळ).

सोबत सबिकी (आमिष धरायची छोट्या गळांची माळ) आणि 4 औंस शिसं. पक्कड हवीच. मासा मोजायची पट्टी, 5 किलो बर्फ असलेली पिशवी, 2 ते 3 लिटर पाणी. आणि जाळीचा पळा. बोटीवरून किंवा कयाकवरून मासे धरणाऱ्याजवळ किमान 18 इंच व्यासाचा पळा असणं नियमानेच सक्तीचं आहे, आणि आखूड मासा गॅफने (मोठ्या आकड्याने) टोचून काढायला बंदी आहे.

वल्हे, रॉड, पळा, पक्कड, सगळ्याला लीश (कयाकला बांधायची दोरी). कयाक उलटली की न बांधलेली वस्तू हरवतेच.

टप्पा 4: उतरणं (पहाटे साडेपाच ते सव्वासहा)

आव्हेनिदा दे ला प्लाया रस्ता जिथे वाळूला टेकतो तिथून उतरा. ही जागा सोयीची म्हणून घ्यायची नाही, तिथे लाट खरंच लहान असते. समोर समुद्रतळाशी ला होयाची खोल दरी आहे. स्वेल तिच्यावरून येताना पसरते आणि तिचा जोर विभागतो. उलट उत्तरेला ब्लॅक्स बीचवर तीच स्वेल एकवटते. म्हणून वाळूवर जागा बदलताना उत्तरेकडे सरकू नका.

1. रॉड, रील, पेटी, सगळं आत किंवा आडवं बांधून टाका. लाटांच्या पट्ट्यातून जाताना एकही रॉड उभा नको.
2. दहा मिनिटं उभं राहून लाटा मोजा. मोठ्या लाटा गटाने येतात आणि मध्ये शांत खंड पडतो. तो खंड किती मिनिटांचा, हे कळल्याशिवाय पाण्याला पाय लावू नका.
3. पाय घसटत चाला. या उथळ वाळूत लहान पाकट (स्टिंगरे) असतात. पाऊल उचलून टाकलं तर त्यांच्यावर पडतं, घसटत नेलं तर ते निघून जातात. काटा लागलाच तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात, साधारण 42 ते 45 अंश, पाय बुडवायचा आणि लाइफगार्डला सांगायचं.
4. गुडघाभर पाण्यात, टोक लाटेकडे सरळ ठेवून बसा आणि न थांबता वल्हवा. लाट येताना वल्हे पाण्यातच हवं, वर उचललेलं नको.

लाट तिरपी लागली की कयाक आडवी होते. आडवी झालीच तर लाटेच्या बाजूला झुका. घाबरलेला माणूस नेमका किनाऱ्याकडे झुकतो आणि उलटतो.

टप्पा 5: आमिष (पावणेसात ते सव्वासात)

रिझर्व्हची पश्चिम हद्द ओलांडल्याची जीपीएसवर खात्री करा आणि मगच सबिकी बाहेर काढा. हद्दीला चिकटून बसू नका. प्रवाह आपल्याला न कळत आत नेतो, निदान 200 मीटर अंतर ठेवा.

इथला पॅसिफिक बांगडा आपल्या बांगड्याचा भाऊबंद, तोच मासा नव्हे. पण थव्याने फिरायची सवय तीच. सबिकी तळापर्यंत सोडा आणि दर 10 फुटांवर थांबत वर घ्या. ज्या खोलीवर पहिला लागला, तिथेच पुन्हा सोडा. सहा ते आठ पुरे. आमिष जिवंत ठेवायच्या नळीत जास्त कोंबले तर प्राणवायू संपून सगळेच मरतात. बांगडा कोरड्या हाताने दाबून धरू नका. हात ओला करा, गळ पकडीने सोडवा.

अर्ध्या तासात आमिष मिळालं नाही तर सोडून द्या. रबरी माशावर पहाटेचा बास चांगला लागतो, आणि तीच वेळ आमिषामागे घालवणं ही इथली सर्वात महाग चूक आहे.

टप्पा 6: केल्प वाचणं

गळ टाकण्याआधी पाच मिनिटं नुसतं बघा. पृष्ठभागावरची पालवी ज्या दिशेला ताणलेली दिसते, त्या दिशेला प्रवाह चालला आहे. पालवी सैल, गोळा झालेली असेल तर प्रवाह थांबला आहे आणि मासाही सुस्त असेल. कालपर्यंत दिसणारं केल्प आज दिसतच नसेल, तर प्रवाहाने ते पाण्याखाली ओढलं आहे. अशा दिवशी किनाऱ्याकडच्या आतल्या कडेला राहा.

प्रवाह येतो त्या बाजूच्या कडेला छोटे मासे जमतात, म्हणून मोठाही तिथेच असतो, प्रवाहाकडे तोंड करून. मुख्य रानापासून सुटलेली एकटी झुडपं आणि रानाच्या आत पडलेली खोलीएवढी मोकळी भोकं या दोन जागा आधी बघा. मैलभर सलग हिरवी-तपकिरी कड दिसायला छान असते, पण तिथे मासा विखुरलेला असतो.

टप्पा 7: थांबणं

केल्पमध्ये नांगर टाकू नका. तो देठांत आणि खडकात अडकतो आणि निघता निघत नाही. केल्पच इथला नांगर. दीड-दोन मीटर दोरीला क्लिप लावा, तीन-चार देठांची मोळी धरून तिच्याभोवती फिरवा आणि दुसरं टोक कयाकच्या पुढच्या किंवा मागच्या टोकाला एका ओढीत सुटेल अशा गाठीने बांधा. मधल्या कडेला कधीच बांधायचं नाही. प्रवाह कयाकला आडवी करतो आणि पुढची मोठी लाट तिला उलटवते.

पायडलची कयाक (पायांनी तळाचे पंख हलवून चालणारी) असेल तर रानात शिरताना पंख तळाला चिकटवून घ्या, सुकाणू वर उचला आणि वल्हे वापरा. पाला गुंतल्यावर जोराने पायडल मारणारे यंत्र मोडून घेतात.

टप्पा 8: मासेमारी (सव्वासात ते साडेदहा)

*कॅलिको बास.* फेक कडेला समांतर टाका, म्हणजे आमिष बराच वेळ माशासमोर राहतं. मग भोकांमध्ये. बुडताना पाचपर्यंत मोजा, हळू ओढा. पुढच्या फेकीला दहापर्यंत मोजा. आमिष देठाला घासलं तर लगेच झटका देऊ नका. थांबा, हळूच सोडवा. बास बहुतेक वेळा ते देठावरून सुटतं त्या क्षणालाच घेतो.

ड्रॅग (रीलचा ब्रेक) घट्ट ठेवा, 8 ते 10 पौंड. मासा लागल्यावरचे पहिले तीन सेकंद सगळं ठरवतात. त्याचं तोंड केल्पपासून वळवलं तर तो तुमचा. आणि शिरलाच आत, तर ओढत बसू नका, त्याने दोरी तुटते किंवा लीडर देठावर घासून कापलं जातं. दोरी सैल सोडा, मिनिट-दोन मिनिटं थांबा. ताण गेला की पुष्कळदा तो आपणच बाहेर येतो. नाही आला तर कयाक त्याच्या नेमकी वर न्या आणि सरळ वर उचला. पाल्याचा भारा येईल, त्यात मासा असेल.

*यलोटेल.* बांगड्याच्या नाकातून हूक आरपार घाला. बाहेरच्या कडेने ताशी दीड ते दोन मैल वेगाने, मागे 60 फुटांवर ओढत न्या. मासा घेतला की सर्कल हूकला झटका द्यायचा नसतो. रीलचा दांडा फिरवत राहा, हूक आपणच ओठाच्या कोपऱ्यात बसतो. लगेच कयाक खोल पाण्याकडे वळवा. यलोटेल पहिली धाव केल्पकडे घेतो. रॉडचं टोक कयाकच्या पुढच्या टोकाकडे ठेवा, म्हणजे मासा कयाकला ओढेल आणि त्यातच दमेल. रॉड बाजूला नेऊन कडेवरून वाकलात की उलटलात.

> इशारा: काट्यांनी भरलेला, लालसर-तपकिरी स्कॉर्पियनफिश लागला तर हाताने धरू नका. काटे विषारी असतात. पकडीनेच सोडवा. डंख लागला तर उपचार पाकटाच्या काट्यासारखाच.

समुद्रसिंह आला तर जागा बदला, निदान अर्धा मैल. तो मासे गळावरूनच ओरबाडतो. त्याला मासा फेकणं बेकायदेशीर आहे आणि एकदा फेकला की तो दिवसभर पाठ सोडत नाही. धरलेले मासेही दोरीला ओवून पाण्यात लोंबकळत ठेवू नका.

टप्पा 9: मोजणं, ठेवणं, सोडणं

बासची लांबी तोंड मिटून, शेपटीच्या सर्वात लांब टोकापर्यंत मोजतात. यलोटेलची मात्र शेपटीच्या खाचेपर्यंत. इथे गोंधळ झाला की दंड.

- कॅलिको (केल्प बास): किमान 14 इंच. सँड बासचे दोन्ही प्रकार धरून एकूण 5.
- कॅलिफोर्निया हॅलिबट: किमान 22 इंच.
- व्हाइट सीबास: किमान 28 इंच, 3 नग. 15 मार्च ते 15 जून पॉइंट कन्सेप्शनच्या दक्षिणेला (म्हणजे इथेही) फक्त 1.
- यलोटेल: 10 नग, त्यात 24 इंचांखालचे 5 पेक्षा जास्त नाहीत.
- जायंट सीबास आणि केशरी गॅरिबाल्डी: पूर्ण बंदी. पाण्यातून वर न काढताच सोडा.

नियम हंगामाच्या मध्यातही बदलतात. रॉकफिशच्या तारखा तर दरवर्षी पाहाव्या लागतात. आदल्या संध्याकाळी खात्याचं पान उघडणं चुकवू नका.

ठेवायचा मासा लगेच कल्ला कापून रक्त काढा आणि बर्फ व समुद्राचं पाणी यांच्या लगद्यात टाका. नुसत्या बर्फावर ठेवलेला मासा एका बाजूनेच गार होतो. किनाऱ्याला लागेपर्यंत मासा अख्खाच ठेवा. तुकडे केले की त्याची जात आणि लांबी सिद्ध करता येत नाही.

टप्पा 10: परतणं (साडेदहाला सुरुवात)

मासे लागत असले तरी साडेदहा म्हणजे साडेदहा. सर्वात जास्त अपघात ‘आणखी एक फेक’ नंतर, लाटांच्या पट्ट्यात होतात.

रिझर्व्हच्या हद्दीआधी गळ काढा, रॉड आडवे बांधा, उरलेले बांगडे हद्दीबाहेरच सोडा. वाऱ्यामुळे लाटा आता पाठीमागून येतील. वेग वाढला म्हणून खूश होऊ नका. मागची लाट कयाकचं शेपूट उचलून तिला आडवी करते. प्रत्येक उचलीला मागच्या बाजूला थोडं वजन द्या आणि वल्ह्याने सुकाणू धरा.

लाटा फुटतात त्याच्या बाहेर थांबा. परत मोजा. गटातली शेवटची मोठी लाट खालून गेली की तिच्या पाठीवर, तिच्या मागे राहून जोरात वल्हवा, तिच्या पुढे पळू नका. पाणी कमरेएवढं राहिलं की समुद्राच्या बाजूने उतरा. कयाक आणि किनारा यांच्या मध्ये कधीच उभं राहू नका. पाण्याने भरलेली कयाक लाटेबरोबर गुडघ्यावर आदळली तर गुडघा तुटतो. पोहणारे समोर असतील तर अजून बाहेरच थांबा, किंवा दक्षिणेला सरकून मोकळी वाळू शोधा.

वाळूवर आल्यावर पहिलं काम: घरी फोन. मग मासा बर्फात झाका, आणि रील व क्लिप गोड्या पाण्याने हलकेच धुवा. जोराचा फवारा मारला तर मीठ आतल्या बेअरिंगमध्ये शिरतं. ड्रॅग सैल करून ठेवा, नाहीतर पुढच्या खेपेला तो पहिल्याच धावेत चिकटतो. लीडरचे शेवटचे दोन फूट बोटांत धरून बघा. खरखर लागली तर ते तिथेच कापून टाका, कारण केल्पने घासलेली दोरी डोळ्यांना धडच दिसते.